यादीत नसलेली गोळी

रविवार, आक्काचं बारावं. स्थळ, किन्हवलीजवळचं तिचं घर. हजर: भावजी, मुलगा प्रकाश, सून वैशाली आणि मुरबाडहून आलेली मी, आक्काची धाकटी बहीण मंगल. पंगत उठल्यावर भांडी लावायला आत गेले, तर कपाटाच्या दारावर माझ्याच अक्षरातला कागद. सोयाबीनचं पीठ दोन चमचे, भाकरीत. जवसाची चटणी, दुपारी. अर्धा तास चालणं. पुढे रोजच्या खुणा, शेवटच्या दिवसापर्यंत एकही चुकलेली नाही.

मुरबाडला आमच्या महिला मंडळात मी आहारावर व्याख्यान ठेवलं होतं. पाळी थांबली की शरीरातलं इस्ट्रोजेन उतरतं, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर पूर्वीसारखं काम करत नाही, त्या ताठर होतात, दाब वाढू लागतो, असं व्याख्यानाला आलेल्या बाईंनी समजावलं. सोयाबीन, जवस यांत इस्ट्रोजेनशी मिळतंजुळतं द्रव्य असतं, त्याची रक्तवाहिन्यांना थोडी मदत होऊ शकते. थोडीच, सगळ्यांना सारखी नाही, आणि गोळीच्या जागी तर नाहीच, हेही त्या बोलल्या होत्या. मी ते वहीत उतरवलं आणि आक्कासाठी कागद करताना गाळलं. बीपीची गोळी ती चार वर्षं घेतच होती. चालू आहे ते कशाला लिहायचं... माझ्या यादीत फक्त नवी कामं असतात.

आक्काला याद्यांचं हसू यायचं. मी शाळेत दप्तराचीही यादी करायचे, तेव्हा ती आईला सांगायची, "ही मरताना पण आधी लिवून ठेवील." पण घरात मीच शिकले, ती सातवीनंतर शेतावर गेली, त्यामुळे माझ्या अक्षरावर तिचा भलताच भरवसा. दिवाळीनंतर गेले तेव्हा तिने भाकरी पुढे सरकवली. "घे, तुझं औषध. पेंड खाल्ल्यासारखं लागतं, पण करतंय मी."

"बीपी मोजलंस?"

"मागच्या महिन्यात मोजलं. कमी आलं. तुझ्या पिठानं काम केलं गो."

मी खूश झाले. गोळीचं विचारलं नाही.

भात झोडणीच्या दिवसांत ती अंगणातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव. शहापूरला नेईपर्यंत वाचा गेली होती. डॉक्टरांनी गोळीचं विचारलं, प्रकाश म्हणाला, चालू आहे. त्याला तसंच वाटत होतं. मलाही.

बाराव्याला वैशालीने गोळ्यांची न फोडलेली पाकिटं माझ्यापुढे ठेवली. "मावशी, या दुकानात परत घेतील का? आई घेतच नव्हत्या. बोलायच्या, मंगलनं लिवलंय त्यात गोळी नाय, म्हंजे आता गरज नाय."

बाहेर भावजी पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या हातात काय नव्हतं. देवानं नेली." मी पाण्याचे तांबे भरत राहिले.

त्या कागदाच्या झेरॉक्स मी मंडळातही वाटल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी गोळी चालू असलेल्या सात जणींची नावं काढली, घरोघरी गेले, प्रत्येकीच्या कागदावर लाल शाईने लिहिलं: गोळी बंद करायची नाही. एकीने विचारलं, "आता का गो सांगतेस?" राहून गेलं होतं, म्हटलं. सातही नावांपुढे खूण झाली. आठवं नाव भावजींचं आहे, त्यांना माझ्या कागदाचं खरं सांगायचं आहे. त्यांच्यापुढे दीड महिना काही नाही. दर रविवारी पेपरची पुरवणी ते ओसरीवर बसून पहिल्या ओळीपासून वाचतात. मी लिहिलेलं हे त्या पुरवणीत छापून येण्याआधी मला किन्हवलीची एसटी धरायची आहे.