रुपराव गजभियेची सात भोकं

रुपराव गजभियेएवढा खुनशी माणूस मी नागपुरात दुसरा पाहिला नाही, आणि हे मी कौतुकानं लिहितो आहे. बाकीची माणसं अपमान गिळतात, विसरतात, नाहीतर देवावर सोडून मोकळी होतात. रुपरावनं आपला अपमान नऊ वर्षं लोणच्यासारखा जपला. मधूनमधून झाकण उघडून मुरला का ते बघायचा आणि पुन्हा घट्ट लावून ठेवायचा.

तो फॅब्रिकेटर. कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात त्यानं अठ्ठावीस वर्षं लोखंड कापलं, जोडलं, घासलं. मी तिथंच स्टोअरकीपर होतो. ड्रिल, वेल्डिंगच्या कांड्या, हातमोजे, सगळं माझ्या खिडकीतून जायचं. दुपारी आम्ही एकाच बाकावर जेवायचो. त्याच्या घरून, म्हणजे नागपुरातल्या इंदोऱ्याहून, पुष्पलतावहिनी वांग्याची भाजी द्यायच्या आणि त्यातली अर्धी माझ्या पोटात जायची.

रुपरावचा एक नेम होता. चहूबाजूंनी बंद असं काही बनवलं, मग ती पेटी असो की पोकळ खांब, की रंगाला पाठवण्याआधी तो त्याला खालच्या अंगाला पाव इंची भोक पाडायचा. नागपूरच्या उन्हात आतली हवा तापते, फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. "बंद वस्तूले श्वास पाहिजे गा," तो म्हणायचा आणि माझ्याकडून ड्रिल घेऊन जायचा. हे कुठल्याही नकाशात नसायचं. कुणी विचारायचंही नाही, कारण रुपरावचं काम कधी परत आलं नव्हतं.

मग आमच्याकडे हर्षित आला. धरमपेठेतल्या सधन घरातला मुलगा, परदेशात शिल्पकला शिकून आलेला. त्याला लोखंडाचे सात डबे हवे होते. प्रत्येक डबा आठ फूट लांब, आठ फूट रुंद, आठ फूट उंच. वर नक्षी नाही, आत काही नाही, दार नाही, झाकण नाही. "मला यात माणसाचा हात दिसायला नको," तो म्हणाला. आम्ही स्टोअरमागे पोट धरून हसलो. रुपराव हसला नाही. त्याला ते पटलं होतं.

चौदा महिने तो त्या डब्यांमागे होता. सांधा कुठं आहे ते बोटाला कळू नये इतका घासायचा. पत्र्यावर पोलादी पट्टी उभी धरून पलीकडून बॅटरी मारायचा, आणि पट्टीखालून उजेडाची रेघ आली की पुन्हा घासायचा. त्याच्या मुलीचं, वैभवीचं, लग्न त्याच वर्षी झालं, तर हा पठ्ठ्या हळदीच्या दिवशीही दुपारपर्यंत कारखान्यात होता. सातही डबे तयार झाल्यावर त्यानं नेमाप्रमाणे माझ्याकडून ड्रिल नेलं आणि प्रत्येकाच्या तळाला, कोपऱ्यात, जिथं कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, एकेक भोक पाडलं.

हर्षितची नजर गेली. जानेवारीतली थंड सकाळ होती. तो जमिनीवर आडवा झाला, आरसा डब्याखाली सरकवला आणि ओरडत उठला. नकाशात भोक नाही, हे कुणी केलं? रुपराव पुढे होऊन समजावू लागला, की साहेब, बंद वस्तूला श्वास लागतो, उन्हाळ्यात डबा फुगेल, पोट येईल त्याला. हर्षितनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "या माणसाला काम येत नाही," तो म्हणाला. चाळीस माणसं हातातलं काम टाकून उभी होती. "अठ्ठावीस वर्षं टाक्या बनवून हा टाकीवालाच राहिला."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "मनोहरराव, बंद पेटीला भोक पाडायची पद्धत आहे का आपल्याकडे?" मी म्हणालो, "मले काही माहीत नाही साहेब. मी स्टोअरवाला." माझ्या नोकरीची तीन वर्षं उरली होती, आणि माझा मुलगा प्रीतम कॉलेजात होता. माणूस घाबरतो, त्यात काय एवढं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे.

रुपरावला त्याच आठवड्यात काढलं. रंग झालेला असल्यामुळे भोकांवर वेल्डिंग करता येईना, म्हणून ती एम-सीलनं बुजवली आणि वरून रंग लावला. काम न येणारा माणूस म्हणून त्याचं नाव कळमेश्वरभर झालं, आणि तिथं त्याला पुन्हा कुणी उभं केलं नाही. तो घराच्या ओट्यावर लोकांच्या कूलरच्या गळक्या टाक्या जोडू लागला. मी भेटायला जायचो. तो त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढायचा नाही. एकदाच म्हणाला, "मे महिना येऊ दे."

पण डबे बरीच वर्षं गोदामात, सावलीत पडून होते. दोन वर्षांमागे कळमेश्वरच्याही पुढे चाळीस एकरांवर एक मोठं संग्रहालय उघडलं, आणि तिथल्या उघड्या अंगणात ते सात डबे हातभर उंच ठोकळ्यांवर ओळीनं मांडले. पहिल्याच मे महिन्यात रुपराव म्हणाला तेच झालं. दुपारी बारा वाजता डब्यांना चार-चार बोटं पोट यायचं आणि संध्याकाळी उतरायचं. पत्रा आत बसताना धाडकन आवाज व्हायचा. मी पेपर घेऊन रुपरावकडे धावलो. आता हर्षितची शोभा होणार, या आनंदात मी पूर्ण बातमी वाचलीच नव्हती. ती रुपरावनं वाचली. हर्षितनं मुलाखतीत सांगितलं होतं, "माझे डबे नागपूरच्या उन्हात श्वास घेतात. मला पहिल्यापासून हेच हवं होतं." देशभरातून लोक ते पोट बघायला येत होते.

रुपरावनं पेपरची नीट घडी घातली. "माहा शब्दबी नेला हरामखोरानं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच मला भीती वाटली.

या वर्षी मेच्या दुसऱ्या रविवारी हर्षित स्वतः पाहुण्यांना संग्रहालय दाखवणार होता. रुपरावचा निरोप आला, "दोन तिकिटं काढ." मी माझ्या स्कूटरवर त्याला घेऊन गेलो. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता, पायात कारखान्यातले जुने लोखंडी टाचेचे बूट, हातात लांब दांड्याची छत्री. त्या छत्रीच्या घड्यांत पोती शिवायचा दाभण खोचलेला आहे हे मला आत गेल्यावर कळलं.

संग्रहालय म्हणजे काय सांगू! पहिल्या दालनात चार पांढऱ्या भिंती आणि त्यातल्या एकीवर पांढराच चौकोन. मी म्हटलं, पेंटर अर्धं काम टाकून पळाला वाटतं. दुसऱ्या दालनात फरशीवर लोखंडी तवे मांडलेले, त्यांच्यावरून चालायला परवानगी होती. तिसऱ्यात काहीच नव्हतं, फक्त छतातल्या फटीतून उन्हाची एक पट्टी आणि तिच्याकडे बघत उभी असलेली शहाणी माणसं. माझ्या तोंडाला फेस आला होता. रुपराव मात्र देवळात फिरावं तसा हळू फिरत होता. बाहेर चाळीस फूट उंचीची गंजक्या पोलादाची वाकवलेली भिंत उभी होती. तिच्या बुडाशी तो वाकला, डोळा लावून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ज्यानं हे वाकवलं ना, तो मानूस आहे." पुढे एकाच दगडावर घराएवढा काळा दगड नुसता तोलून ठेवलेला होता. त्याच्यापुढे तो पाच मिनिटं उभा राहिला. "काही नाही लावलं त्याले. टेकू, पाय, काहीच नाही. किती कठीण असते हे." मला तेव्हा त्याची कीव आली आणि हर्षितचा संताप आला. या जागेत फिरायला सगळ्यांत लायक माणूस कूलर जोडत होता.

मग अंगण आलं. डब्यांनी पोटं काढलेली. समोर ताडपत्रीच्या सावलीत पन्नासेक पाहुणे आणि हर्षित. केस थोडे पिकलेले, आवाज तोच. "बघा," तो म्हणत होता, "हा श्वास."

रुपरावनं माझ्या हातात छत्री दिली, पण त्याआधी तिच्यातून दाभण काढून घेतला. तो शांतपणे चौथ्या डब्यामागे गेला आणि कोपऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला. कुठं आहे हे त्याला शोधावं लागलं नाही. हात डब्याखाली घालून त्यानं दाभण टेकवला, उजव्या पायातला बूट काढला आणि टाचेनं ठोकला. एक, दोन, तीन. चौथ्या ठोक्याला एम-सीलचं बूच आत गेलं आणि कुकरची शिटी व्हावी तशी हवा बाहेर यायला लागली.

गार्ड धावला. त्यानं रुपरावला धरायचं सोडून आधी भोकावर अंगठा दाबला, चटका बसून ओरडला आणि हात झाडत बसला. दहा मिनिटं ती शिटी वाजत होती. कुणाला काय करावं सुचेना. पन्नास माणसं बघत असताना चौथ्या डब्याचं पोट हळूहळू उतरलं, पत्रा धाडकन बसला, आणि डबा पट्टी लावावी इतका सपाट झाला. रुपराव बूट घालत होता.

"पोलीस बोलवा!" हर्षितनं त्याला ओळखलं होतं. संग्रहालयाच्या व्यवस्थापक मोनालीताई कागद घेऊन आल्या. बाई नियमानं चालणाऱ्या होत्या. "सर, तक्रारीत नुकसान काय झालं लिहू?"

"दिसत नाही? डबा सपाट झाला."

मोनालीताईंनी हातातल्या फाईलमधला नकाशा उघडला. "पण सर, यात सपाटच आहे."

पाहुण्यांत कुणीतरी हसलं. हर्षित म्हणाला, "त्यानं भोक पाडलंय."

"भोक पहिलेच होतं," रुपराव म्हणाला. "तुम्ही बुजवलं. लिव्हा ना बाई. माहं नाव लिव्हा, रुपराव शामराव गजभिये. आन हे पन लिव्हा की हे भोक पहिले कोनं पाडलं आन काहून पाडलं. मी सही करतो." तो हात मागे बांधून उभा राहिला. "नाहीतं यायले विचारा. मले काम येते का नाही येते?"

पाहुण्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, "हर्षित, भोक आधी होतं?" ऊन डोक्यावर होतं, आणि उरलेले सहा डबे त्याच्या मागे पोट काढून उभे होते.

"होतं," हर्षित म्हणाला.

"मंग काम येते का?"

"येतं." ते अगदी पुटपुटणं होतं.

"जोरात म्हना," रुपराव म्हणाला. आणि हर्षितला म्हणावं लागलं.

तक्रार लिहिली गेली नाही. मी त्या क्षणी इतका खूश होतो की रुपरावला उचलून घ्यावंसं वाटलं. फाटकाबाहेर स्कूटरला किक मारत म्हणालो, "निंघाला ना गा राग? बस मागे. आज तर्री पोहे माह्याकडून."

तो बसला नाही. "त्याचा निंघाला," तो म्हणाला. "तुहा राह्यला."

मी स्कूटर बंद केली.

"तो तं परका मानूस. त्याले काय मालूम मी कोन आहे? ड्रिल तू देऊन राहिला होता मनोहर. सातही भोकांले. माह्या घरची भाजी खाऊन तू म्हने मले काही माहीत नाही." त्यानं माझ्या हातातली छत्री घेतली, उघडली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागला.

त्यानंतर मी दोनदा इंदोऱ्याला गेलो. वहिनींनी पाणी दिलं. रुपराव ओट्यावर पाठ करून टाकी जोडत राहिला. दुसऱ्या खेपेला मी रडकुंडीला येऊन म्हटलं, पाया पडतो, सांग काय करू. तो मान न वळवता म्हणाला, "तवा चाळीस लोकं होते."

ती चाळीस माणसं आता कुठून आणू? काही वारली, काही पारशिवनीकडे आपापल्या शेतांवर गेली, कारखानाही बंद पडला. म्हणून हे लिहितो आहे, आणि वाचणारे चाळीसांहून जास्त निघोत. मी मनोहर गावंडे, स्टोअरकीपर. बंद पेटीला भोक पाडायची पद्धत आमच्या कारखान्यात होती आणि ती मला माहीत होती. रुपराव गजभियेचं काम बरोबर होतं. मी खोटं बोललो.