सुप्रभाकाकूंच्या कुरडया आणि कोल्ड फ्रंट

सुप्रभाकाकूंनी म्हणे टीव्हीवरच्या हवामानवाल्याला फोन करून रडवलं. १९९१च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या आमच्या एजवेअरच्या सगळ्या मराठी घरांत ही बातमी होती, आणि ती साफ खोटी आहे. काकूंनी फोन केला होता तो हवामान ऐकवणाऱ्या नंबरला. तिथे माणूस नसतो, टेप असते. काकू टेपशी भांडल्या. "अहो, पण शनिवारी किती वाजता, ते सांगा ना," असं सारखं विचारत राहिल्या. टेप रडली नाही. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे आणि माझा कान बरा आहे. अख्ख्या महाराष्ट्र मंडळाच्या नकला मी त्याच्याच जोरावर करते, आणि सर्वांत जास्त टाळ्या काकूंच्या नकलेला पडतात.

काकू हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि घरी आल्यावर कुणाला बसूसुद्धा द्यायचं नाही, असा त्यांचा दिनक्रम. त्यांच्या मंजिरीचं लग्न जुलैत मँचेस्टरला ठरलं होतं. मुलीकडच्यांनी रुखवत मांडायचं आणि मुलाकडच्यांनी ते भिंग लावून तपासायचं, हे काही इंग्लंडात येऊन सुटलेलं नाही. होणाऱ्या विहीणबाई सुनीतीबाई फोनवर पाकातल्या आवाजात म्हणाल्या, "कुरडयांचा त्रास घेऊ नका हं. तुमच्याकडे कुठलं आलंय ऊन? माझ्या नणंदबाई पुण्याहून आणतील पिशवीभर."

बारमाही पावसातल्या मँचेस्टरच्या बाईने एजवेअरच्या उन्हाला नावं ठेवावीत! काकूंनी त्याच संध्याकाळी गहू भिजत घातले. रुखवतात एक तरी कुरडई विकतची किंवा उसनी दिसली, तर मंजिरी जन्मभर ऐकून घेईल, एवढं त्यांना कळत होतं.

गहू तीन दिवस भिजले, वाटले, चीक शिजला. गुरुवारी सकाळी काकूंनी बागेत प्लॅस्टिक अंथरून सोऱ्याने कुरडया घातल्या. ऊन छान होतं. मग रात्री टीव्हीवर तो हवामानवाला आला. मुलाचं बारसं सांगावं तसा हसत म्हणाला की दक्षिणेकडे दमट हवा, ठिकठिकाणी गडगडाटी पाऊस, आणि शनिवारी पश्चिमेकडून कोल्ड फ्रंट, म्हणजे गार हवेची आणि पावसाची फळी, येऊन सगळ्यांना कसं ताजंतवानं करेल. काकूंच्या नवऱ्याने, शशिकांतकाकांनी, टीव्ही बंद केला. त्यांच्या आयुष्यातला हा एवढाच शूरपणा.

शुक्रवारी आभाळ नुसतं घाम गाळत होतं. कुरडया वरून सुकल्या, पोटात ओल्याच. शनिवारी सकाळी काकूंनी मला कुंपणावरून हाक मारली. काकांची लांबलचक इस्टेट कार दारात उभी होती, मागच्या सीट्स आडव्या केलेल्या, आणि वर ताटांत कुरडया.

"फ्रंट पश्चिमेकडून येतोय ना? मग आपण पूर्वेला जाऊ. तू ताटं धर."

मी म्हटलं, काकू, फ्रंटला सिग्नल लागत नाहीत, तो गाठणारच. काकू म्हणाल्या, पैज लाव. कुरडया ओल्या राहिल्या तर लग्नात माइक घेऊन माझी नक्कल कर, विहीणबाईंसमोर. वाळल्या तर लग्नाचा दिवस संपेपर्यंत माझ्या नकलेला कुलूप. मी इतक्या आनंदाने हो म्हटलं की काकूंनी जरा संशयानेच गाडी सुरू केली.

पूर्व किनाऱ्यावरच्या क्लॅक्टनपर्यंत ऊन आमच्या बाजूने होतं. समुद्रासमोर काचा बंद करून गाडी उभी केली, कुरडया आत आणि आम्ही बाहेर बाकावर. एक गोरे आजोबा काचेतून बराच वेळ बघत होते. काकूंनी त्यांना 'वेडिंग' एवढंच सांगितलं. आजोबांनी टोपी काढली.

मग मागून गडगडलं. पश्चिमेला काळी भिंत उभी राहिली होती. पुढे समुद्र, म्हणजे पळायला इंग्लंड शिल्लक नव्हतं. वारा फिरला आणि अंगावर काटा आला, इतका गार. आम्ही पळत गाडीत शिरलो आणि मी बसल्या बसल्या माइक धरल्यासारखी मूठ तोंडाशी नेली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि हीटर पूर्ण सोडला. वाफ जायला एक काच बोटभर खाली. क्लॅक्टन ते एजवेअर आम्ही त्या पावसातून तशाच आलो. बाहेर लोक जाकिटं चढवत होते आणि आत मी आणि कुरडया एकत्र वाळत होतो. तोंडातून शब्द काढला तर काकू म्हणायच्या, बोलू नकोस, ओल वाढते.

घरी पोचल्यावर त्यांनी एक कुरडई उचलली, माझ्या कानाशी आणली आणि मोडली. कट्ट.

"ऐकलंस?"

आता कान चांगला असला की अशी पंचाईत होते. आवाज ओला होता म्हणायला मी तयार होते, पण तो ओला नव्हता.

लग्नात सुनीतीबाईंनी त्या कुरडया उजेडाकडे धरून पाहिल्या आणि विचारलं, "कुणाच्या नणंदेने आणल्या हो?" काकूंनी माझ्याकडे बघून ओठांना कुलूप लावल्याची खूण केली. जेवणानंतर मंडळी ओरडायला लागली की काकूंची नक्कल कर. सुनीतीबाई तर अगदी पहिल्या रांगेत येऊन बसल्या. मी माइक घेतला, टीव्हीवरच्या त्या हवामानवाल्यासारखी गोड हसले आणि त्याच्याच आवाजात मँचेस्टरचं उद्याचं हवामान सांगितलं.