चाक उन्हात धरायचं

मी सायन्सला गेलो नाही, याचा राग मला माझ्यापेक्षा इतरांनी जास्त आणून दिला. चिपळूणच्या एसटी डेपोत पाना धरायला शिकलो. तिथून शारजाच्या औद्योगिक भागात ट्रकच्या गॅरेजात आलो, आणि मालकांशी भांडत, पगारावर घासाघीस करत छोट्या विमानांच्या हँगरपर्यंत पोचलो. तिथे आमचा इंजिनिअर पुण्याचा होता. लायसन त्याचं आणि सहीही त्याचीच. चार लोकांत तो मला "ए एसटी" म्हणून हाक मारायचा. ते मी अजून विसरलेलो नाही.

नव्वदीच्या मध्यातला एक जुलै. आमचं नऊ प्रवाशांचं, दोन इंजिनांचं विमान तेलाच्या कामावरच्या लोकांना बेटावर नेऊन सोडायचं. त्या दिवशी भर दुपारची फेरी करून आलेला पायलट थेट आमच्याकडे आला. नवा होता, हिंदी बोलायचा, आवाज मऊ.

"लेफ्ट टर्न में चक्का अटकता है सर. थोडा सा. जैसे किसी ने पकड़ लिया हो."

पायलटच्या हातातलं चाक फिरलं की पंखांच्या मागच्या फळ्या वर-खाली होतात आणि विमान कलतं. चाकापासून त्या फळ्यांपर्यंत विमानाच्या आतल्या तळाखालून स्टीलची केबल जाते. तीच अडकली, तर वर गेल्यावर विमान वळायचंच नाही.

विमान हँगरात ओढून घेतलं. आत मोठे कूलर लावलेले होते. तासाभराने इंजिनिअर पायलटच्या जागी बसला आणि दहा वेळा चाक डावी-उजवीकडे फिरवलं. लोण्यासारखं फिरलं.

"काही नाही. भास आहे," तो मला मराठीत म्हणाला आणि पेन काढलं. "नवा आहे, घाबरतो."

तेवढ्यात काउंटरवरून फोन आला. प्रवासी ताटकळले होते. इंजिनिअरने 'दोष नाही' असं लिहिलं असतं, तर पायलट ते विमान घेऊन गेला असता. नवी नोकरी होती त्याची.

मी म्हणालो, "साहेब, दोन तास द्या."

"कशाला?"

"विमान बाहेर उन्हात उभं करायचं. मग चाक फिरवायचं."

"आता उन्हात काय नवीन होणार आहे, एसटी?"

डोकं तापलं, पण भांडायला वेळ नव्हता. म्हटलं, "पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, तापला की पसरतो. केबल स्टीलची, ती तेवढी पसरत नाही, मग ताणली जाते. हे तुमच्या पुस्तकात आहे. पण पुस्तक तुम्ही कूलरपुढे वाचता."

तो लाल झाला. "वीस मिनिटं."

"दीड तास."

"अर्धा. खलास."

"एक तास. आणि चाक तुम्ही धरायचं, मी नाही. म्हणजे भास कोणाला होतो ते कळेल."

मला पाऊण तासच हवा होता. पण पाऊण मागितला असता, तर वीस मिनिटंच हाती आली असती.

विमान बाहेर काढलं. पाऊण तासाने पंखावर हात ठेववत नव्हता. इंजिनिअर घामाने चिंब होऊन आत बसला आणि चाक डावीकडे वळवलं. अर्ध्यावर ते किंचित अडलं. त्याने परत फिरवलं. परत अडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी सीटांमधल्या वाटेतली तळाची फळी उघडून खाली हात घातला. "फिरवा साहेब." केबल सरकत होती, पण ती जिच्यावरून जाते ती पुली जागची हलत नव्हती. ग्रीसमध्ये वाळू बसून तिचा दगड झाला होता. थंडाव्यात केबल तिच्यावरून घसरून जायची, ताण वाढला की घासून धरायची.

"बोट घाला," मी म्हटलं. त्याने घातलं. "हं," एवढंच म्हणाला.

नवी पुली बसवली, केबलचा ताण मोजला. शेजारच्या हँगरातल्या इंजिनिअरला बोलावून दुसऱ्यांदा तपासून घेतलं, कारण कंट्रोलच्या कामावर एकाच माणसाची नजर चालत नाही. मग परत उन्हात, परत चाक. आता डावं-उजवं सारखंच.

साडेपाचला नऊ माणसं कुरकुरत चढली. एक म्हातारा बावर्ची मला म्हणाला, "इतनी देर क्यों लगाई भाई?"

"आपके लिए ही, चाचा," मी म्हटलं.

विमान उठलं. समुद्राकडे जायला त्याला डावीकडेच वळायचं होतं. इंजिनिअर आणि मी उन्हात उभे होतो. डावा पंख हळूच खाली गेला, विमान गोल वळलं आणि सरळ झालं. इंजिनिअरच्या हातातल्या रेडिओवर पायलट म्हणाला, "मक्खन है सर."

इंजिनिअरने कपाळ पुसलं. हँगरात आणखी दोन विमानं उभी होती. त्यांच्याकडे बघत त्याने विचारलं, "उद्या दुपारी आधी कुठलं बाहेर काढायचं?"

"जुनं," मी म्हणालो.