दोन घरांत बसणारं फळ

मूल गावातल्या आमच्या वाचनालयात दर सोमवारी फळ्यावर शब्दकोडं लागतं. एक निवृत्त सर ते खडूनं आखतात. आपण वहीत उतरवून घ्यायचं, कोणाला विचारायचं नाही, मोबाईल पाहायचा नाही. शनिवारपर्यंत जो सगळं बरोबर आणेल, पुढचं कोडं त्यानं काढायचं. मी शिकली पाचवीपर्यंत, बाकी जे आलं ते वाचून वाचून. पण माझं कोडं एकदा तरी त्या फळ्यावर दिसावं, एवढी एक हाव मात्र वर्षभर धरून होती. दर वेळी एखादं घर चुकायचंच.

त्या आठवड्याला सरांनी दूरदेशचे पाहुणे शब्द घेतले. 'पोर्तुगीज पाहुणं, बांधकामावर डोक्यावर बसतं.' घमेलं! 'ग्रीक पाहुणा, खाणीत मोठ्यानं बोलतो.' सुरुंग. हे मी लिहिल्यावर आमच्या ह्यांना दाखवलं. सारी नोकरी कोळशाच्या खाणीत झालेली, तर म्हणतात, "अवं, हा ग्रीकाचा होय? आमी तर सरकारी समजत होतो!"

सगळं झालं, अडलं एका फळावर. 'पोर्तुगीज पाहुणं, पोटात बारीक बिया, पोपटाचं लाडकं, दोन घरं.' त्यात काय, जाम! आमच्या अंगणातच झाड आहे. पण त्याच पहिल्या घरातून खाली उतरणारा शब्द होता 'पेटी', भजनात वाजते ती; म्हणजे त्या घरात 'पे' हवा, 'जा' नाही. आता पेटीही खरी, जामही खरा. मग चुकलं कोण? सरच.

गेली मी वही घेऊन. "सर, तुमचा चौकोन चुकला."

"चौकोन बरोबर आहे, बाई. शनिवार अजून यायचा आहे," सर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मला असा राग आला!

शनिवारी सकाळी सून ओट्यावर बसून तिच्या आईशी फोनवर बोलत होती. ती कोल्हापूरकडची. म्हणते, "अगं, इथं पेरूला जाम म्हणतात! लग्न झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, जाम खा, तर मी पोळी घेऊन बसले."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. पेरू मी पुस्तकात कितीदा वाचला होता, पण तो कोकणातला काही निराळाच प्रकार असेल, असं धरून चालली होती. इतकी वर्षं ज्याच्या सावलीत धान पाखडलं, तोच हा!

घर भरलं, पण मन खाऊ लागलं. हे विचारणं झालं का? आमचे हे म्हणाले, "तू विचारलं का? नाई ना? मंग चूप बस." चूप बसणं मला कधी जमलं आहे! वाचनालयात जाऊन वही सरांच्या पुढे ठेवली आणि वही उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "सर, एक शब्द सुनेच्या तोंडून कानावर पडला. मी काई विचारलं नाई. पण चालत नसन तर राहू द्या."

सरांनी एकेक घर बोटानं तपासलं. मी दाराकडे पाहत उभी. शेवटी म्हणाले, "कान बंद करा, असा नियम मी लिहिला नव्हता, बाई. पण सर चुकले म्हणत होत्या, त्याचं काय?"

"ते मी मागं घेतलं."

सरांनी खडू दिला. सोमवारी स्टुलावर चढून चौकोन आखला, तर रेघा निघाल्या शेतातल्या बांधासारख्या. पुसल्या, पुन्हा आखल्या. पहिलं वाक्य लिहायला लागली, तर सर मागून मान पुढे करून वाचत होते.

"सर," मी म्हटलं, "बाहेर बसा. पुरं झाल्याशिवाय पाहाले भेटत नाई."