फुगलेली बॅटरी

त्या उन्हाळ्यात मी आणि माझे मामा श्रीपूरच्या बाजूला उसावर ड्रोनने फवारणी करायचो. मामा होटगीला रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पिकअप घेतली. ड्रोन मी उडवायची, गाडी ते सांभाळायचे. मागच्या हौद्यात जनरेटर, चार्जर आणि पाण्याचा ड्रम. बॅटऱ्या चारच. एकेक दहा मिनिटांत संपायची आणि खाली यायची तेव्हा तव्यासारखी तापलेली असायची. निवल्याशिवाय ती चार्जिंगला लावायची नाही, असं प्रशिक्षणात बजावलं होतं. म्हणून आम्ही ती केबिनमध्ये एसी लावून सीटवर ठेवायचो.

चौथी बॅटरी एकदा माझ्या हातून निसटून बांधावरच्या दगडावर आपटली. वरून काहीच दिसत नव्हतं. दोन दिवसांनी घरी फरशीवर ठेवली तर ती डुलायला लागली. तिचं पोट किंचित फुगलं होतं.

मामांना दाखवली. त्यांनी पालथा हात ठेवून पाहिला. "गारच हाय की," म्हणाले. ही आता वापरायची नाही, असं मी सांगितलं आणि ते बरं म्हणाले. खरं तर फुगलेली बॅटरी कधीही पेट घेऊ शकते; ती तेव्हाच कुठेतरी लांब, मोकळ्या जागी नेऊन टाकायला हवी होती. घरात माझ्या दोन मुली, त्यामुळे घरात ठेवायचा धीर होईना. मग ती गोणपाटात गुंडाळून गाडीतच सीटमागे राहिली. रोज आमच्या पाठीशी तीस-चाळीस किलोमीटर फिरायची. रस्त्यात खड्डा आला की माझं लक्ष मागे जायचं.

त्या दिवशी शेजारचा उसाचा फड नुकताच तुटून गेला होता आणि वाळलेलं पाचट गुडघाभर पसरलं होतं. गाडी त्याच्याच कडेला उभी होती. शेतमालकाला वारा सुटायच्या आत फवारणी उरकून हवी होती. पण ऊन इतकं, की बॅटऱ्या निवायलाच तयार नव्हत्या. ड्रोन का बसवून ठेवलाय, असं त्याने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मामांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. रिकामं बसलेलं त्यांना कधीच सोसलं नाही.

पलीकडच्या कोपऱ्यात विजेच्या तारा किती खाली आहेत ते पाहायला मी गेले. परत येताना वास आला. गोडसर, नेलपॉलिशसारखा. आधी वाटलं औषधाचा असेल. मग हौद्यातल्या चार्जरची वायर खिडकीच्या फटीतून केबिनमध्ये गेलेली दिसली. मामा आत डोळे मिटून बसले होते.

मी काचेवर थाप मारली. त्यांनी डोळे उघडले, काच थोडी खाली केली.

"चौथी बी लावली. चार्ज हुतीय की."

त्यांच्या मागून चर्र असा आवाज आला.

"मामा, खाली उतरा."

ते उतरले नाहीत. बॅटरी बाहेर काढायला मागे वळले, आणि केबिन पांढऱ्या धुराने भरली. मला ते दिसेनासेच झाले. मी दार ओढलं, हाताला सदरा लागला तो धरून ओढलं, आणि आम्ही दोघं खाली पडलो. आमच्या डोक्यावरून ज्वाळा बाहेर आली.

मामांना मी बांधापर्यंत ओढत नेलं. मालकाने बांधावरच्या, औषध कालवायच्या टाकीतलं पाणी पाचटावर ओतलं. ठिणग्या पडायच्या तिथे आम्ही ओली पोती आपटत होतो. हौद्यातला जनरेटर आपला चालूच होता, त्याच्या टाकीत पेट्रोल होतं, आणि जवळ जायची कुणाची हिंमत नव्हती. वारा त्या अर्ध्या तासात सुटला नाही. मालक नुसता उभ्या उसाकडे बघत राहिला.

केबिनचा सांगाडा उरला. मामांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. अकलूजच्या दवाखान्यात ते म्हणाले, "मला वाटलं, तुझं काम आडलं नगं."

ती बॅटरी गाडीत ठेवली ही चूक माझी होती, असं मी म्हणाले. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

मी अजून फवारणी करते. दुसरी गाडी आहे, ड्रायव्हरही दुसरा. बॅटऱ्या झाडाखाली, गाडीपासून लांब, मातीवर मांडते आणि निवेपर्यंत शेजारी बसून राहते. मालक घाई करतात. मी उठत नाही.