उजवा पट्टा
ग्रीस आणि ओल्या चिखलाचा वास एकत्र आला की मला एच. डी. कोटे गावाजवळचा तो जलाशय आठवतो. पुरात अडकलेल्यांना काढण्यासाठी आमची म्हैसूरची छोटी कंपनी रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी, पाण्यातही उतरणारी गाडी बनवत होती आणि तिची वळवण्याची यंत्रणा माझ्याकडे होती. पहिल्याच चाचणीत पाणी आत येऊ नये म्हणून मी आखलेल्या सीलमधूनच पाणी शिरलं, उजवा पट्टा थांबला आणि गाडी गरगरत खोल पाण्याकडे सरकू लागली. आत आमचे ड्रायव्हरकाका होते, म्हैसूरच्याच, कापड रंगवणाऱ्या जुन्या मराठी रंगारी घरातले. दोर टाकून त्यांना कसंबसं काठाला आणलं. “डिझाइन कुणाचं?” साहेब ओरडले. मी हात वर केला. पंधरा दिवसांनी मी स्वतः नवं सील बसवल्यावर आम्ही परत गेलो, तर गाडीत बसायला कुणी तयार होईना. तेव्हा काकाच चपला काढून आत चढले. मी म्हटलं, “काका, भीती नाही वाटत?” ते त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, “अक्का, तू स्वतः बदललंस ना? तेवढं साकु, तेवढं पुरे मला.” गाडी पाण्यात उजवीकडे वळली, डावीकडे वळली आणि सुखरूप परत आली. त्या दिवशी काका चढले नसते, तर मी हे काम सोडलंच असतं. आता माझ्या हाताखालच्या कुणाचं चुकलं, तर दुरुस्तीनंतर त्या गाडीत सगळ्यांआधी मी बसते.