माझ्या लॉगिनवरचा पिच्चर

"वसतिगृह फुकट, शिक्षण फुकट, आता पिच्चरपण फुकट पाहिजे का तुम्हा लोकांना?"

रेक्टर मॅडम हे आप्पांच्या तोंडावर बोलल्या. आप्पा म्हणजे माझे वडील. यंत्रमागावर कामाला आहेत. रात्रपाळी करून तसेच कोल्हापूरला आले होते, शर्टाला कापूस चिकटलेला. ऑफिसात मॅडम, क्लार्क, माझ्या खोलीतल्या तिघी आणि मी. क्लार्क हसला.

माझा गुन्हा असा. माझ्या लॉगिनवरून एक नवा सिनेमा उतरवून घेतला गेला. तसा घेताना तो आपल्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्यांनाही वाटला जातो, हे मला त्या दिवशी कळलं. सिनेमाच्या कंपनीने विद्यापीठाकडे तक्रार केली. विद्यापीठाने लॉगिन शोधलं. त्यावर माझं नाव निघालं. झाली चौकशी.

आमच्या खोलीत आम्ही चौघी. मी हातकणंगल्याकडची, ऋतुजा जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याची मुलगी, दोघी गडहिंग्लजच्या. प्रत्येकीला वायफायचं वेगळं लॉगिन, रोजचा ठरलेला डेटा. पण कुणाच्या घरून खर्डा-भाकरी आली की ती जशी चौघींची, तसाच डेटाही. दारामागे पेन्सिलीने चौघींचे पासवर्ड लिहिलेले. जिचा डेटा संपला तिने दुसरीचा घ्यायचा. विचारायचंसुद्धा नाही. विचारलं तर राग यायचा, परकी समजतेस का म्हणून.

मला ते फार आवडायचं. माझ्या आजीला गावात पाण्याला हात लावू देत नव्हते. आणि इथे माझा पासवर्ड या तिघींच्या पासवर्डांना चिकटून लिहिलेला. मी खुळी. मला वाटलं, संपलं ते सगळं.

त्या रविवारी मी गावी गेले होते. परत आले तर ऋतुजा म्हणाली, "तुझा डेटा सगळा खाल्ला बघ मी. पिच्चर घेतला. रागावू नको हं."

मी म्हटलं, "खा की."

मागच्या सत्रात ऋतुजाच्या स्वतःच्या लॉगिनवर अशीच तक्रार आली होती. तेव्हा पहिल्या चुकीला सगळ्यांना येतो तसा तिला एक मेल आला. फाइल काढून टाका, पुन्हा करू नका. तिने तो आम्हाला वाचून दाखवला आणि आम्ही हसून हसून लोळलो. तिच्या वडिलांना कुणी बोलावलं नाही. मला मात्र मेल आलाच नाही. थेट आप्पांना फोन गेला.

तर ऑफिसात मी सांगितलं, "मॅडम, मी गावाला होते. आमचे पासवर्ड सगळ्यांना माहीत असतात."

मॅडमनी तिघींना विचारलं, "हिचं लॉगिन कुणी वापरलं?"

गडहिंग्लजच्या दोघींना खरंच माहीत नव्हतं. ऋतुजाला होतं. मी तिच्याकडे बघितलंही नाही. बघायची गरजच काय? ती बोलणारच, एवढी माझी खात्री.

"मला नाही माहीत, मॅडम," ऋतुजा म्हणाली.

मॅडम मग आप्पांना म्हणाल्या, मेसमध्ये सगळ्या मुलींसमोर हिने माफी मागावी. नाहीतर शिस्त समितीपुढे जावं लागेल आणि खोली जाईल.

आप्पांनी हात जोडले.

"पोरीचं चुकलं आसंल, मॅडम. एकडाव पदरात घ्या. शिकू द्या तिला."

आप्पा विहार सोडून कुठे हात जोडत नाहीत. आधीच्या मालकाने कामावरून काढलं तेव्हाही जोडले नव्हते. वाकून बोलायचं न्हाई, हे त्यांनीच मला शिकवलेलं. आणि आता ते माझ्यासाठी वाकले होते. मी न केलेल्या गोष्टीसाठी. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"आप्पा, हात खाली घ्या."

ते घेईनात. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि खाली केले. मग मॅडमकडे वळले.

"मी हे केलेलं नाही. माफी मागणार नाही. तक्रार काय आहे ती मला दाखवा. आधी मला मेल का आला नाही, ते सांगा."

"आवाज खाली कर."

मी केला नाही. सोमवारी समितीपुढे ये, म्हणाल्या. आम्ही बाहेर पडलो.

स्टँडवर आप्पा शर्टाचा कापूस वेचत बसले. मग म्हणाले, "खरं सांग बाळा. तू केलं न्हाईस न्हवं?"

"न्हाई, आप्पा."

"मग म्या हात कशाला जोडलं?"

एसटी आली, ते चढले. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी ऋतुजा जवळ येऊन बसली. रडत होती. "घरी कळलं तर शिक्षण बंद करून लग्न लावतील गं माझं. मागून टाक की माफी. तुझं काय? तुम्हाला सवलत असते. तुम्हाला कोण काढणार आहे?"

मॅडमच्या बोलण्याने मी रडले नव्हते. या बोलण्याने रडले. मॅडम परक्या होत्या. ही माझ्या ताटात जेवलेली. आजारी पडले तेव्हा माझं डोकं हिने मांडीवर घेतलेलं. आणि हिच्या तोंडी तेच. मॅडम ओरडून बोलल्या, ही रडत बोलली, एवढाच काय तो फरक.

सोमवारी मी एकटी जाणार आहे. आप्पांना त्या ऑफिसची पायरी पुन्हा चढू देणार नाही. तक्रार मागेन. सगळ्यांना मेल आणि माझ्या बापाला फोन, हा नियम कुठला, ते विचारेन. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही. मग ते विचारतील, सिनेमा घेतला कुणी?

आजवर मी नाव घेतलं नाही. मैत्री म्हणून गिळलं. त्या गिळण्यापायी आप्पा वाकले. तिच्या घरी काय होईल ते मला कळतं. म्हणून समितीला सांगेन, तिलाही मेलच पाठवा. तिच्या बापाला बोलावू नका. कुणाच्याच बापाला बोलावू नका.

पण नाव घेईन. घेताना रडू येणार, हे मला आत्ताच दिसतंय. येऊ दे. रडत घेईन, पण घेईन.